मामांचं डायलिसिस सेंटर: कोल्हापुरातल्या एका सेवेचा सविस्तर अनुभव

कोल्हापुरात डायलिसिससाठी कुठलं सेंटर बघावं, असं मला नात्यातले आणि ओळखीचे लोक वरचेवर विचारतात. माझे थोरले मामा उत्तरेश्वर पेठेत राहतात. मधुमेहानं त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि आता आठवड्यातून तीन वेळा ते डायलिसिसच्या खुर्चीवर असतात. मी स्वतः पेशीजीवशास्त्रज्ञ आहे. स्टेम सेलपासून, म्हणजे ज्यांतून शरीरातल्या इतर पेशी बनू शकतात त्या मूळ पेशींपासून, किडनीच्या पेशी घडवायच्या आणि त्या आजारी का पडतात ते शोधायचं, हेच माझं इतक्या वर्षांचं काम. सेंटरचं नाव मात्र लिहीत नाही. तिथं खुर्च्या मोजक्या, रुग्ण वर्षानुवर्षं तेच, आणि मी त्यांच्याबद्दलही लिहिणार आहे; कुणाची ओळख पटायला नको. ज्यांना गरज आहे त्यांनी कुठल्याही सेंटरमध्ये जाऊन मी सांगते त्या गोष्टी स्वतः बघाव्यात.

सगळ्यात आधी पाणी. डायलिसिस सेंटर बघायला गेलेली माणसं एसी बघतात, टीव्ही बघतात, खुर्ची मऊ आहे का ते बघतात. मी पहिल्या दिवशी थेट मागच्या खोलीत गेले, जिथं आरओ प्लांट असतो. कारण साधं आहे. या पाण्यापासून बनवलेला द्रव मशीनमधून दर मिनिटाला साधारण 500 मिलिलीटर वाहतो, म्हणजे चार तासांत 120 लिटर. आपण पाणी पितो ते आधी आतड्यातून गाळून रक्तात जातं. इथं रक्त आणि ते पाणी यांच्यामध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन किंवा क्लोरामाइन त्या पाण्यात राहिलं तर तांबड्या पेशी फुटतात. ॲल्युमिनियम राहिलं तर ते हळूहळू हाडांत आणि मेंदूत साठतं. म्हणून कार्बनच्या टाक्यांनंतरच्या पाण्यात एकूण क्लोरीन लिटरमागे 0.1 मिलिग्रॅमच्या वर असता कामा नये, आणि ते रोज, शिफ्ट सुरू करायच्या आधी तपासायला हवं.

या सेंटरमध्ये त्या खोलीच्या दाराला एक वही दोरीनं बांधलेली आहे. तारीख, वेळ, क्लोरीनचा आकडा, सही. मी मागची पानं चाळली. रविवारची पानं कोरी, कारण रविवारी सेंटर बंद. बाकी एकही दिवस सुटलेला नाही, आणि सह्या वेगवेगळ्या पेनांनी, वेगवेगळ्या हातांनी केलेल्या. एका बैठकीत भरलेली वही लगेच कळते. प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांच्या वह्या तपासण्यात माझी उमर गेली. ही वही खरी होती. मी मामीला तिथंच सांगितलं, इथंच लावूया.

पाण्यावरूनच एक जुनी गोष्ट तिथल्या सिनिअर टेक्निशियननं सांगितली. 2019 च्या ऑगस्टमध्ये महापुरात शहराला पाणी पुरवणारी उपसा केंद्रं बुडाली, नळ बंद पडले, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला. डायलिसिसच्या माणसाला मात्र पूर ओसरेपर्यंत थांबता येत नाही. दोन पाळ्या चुकल्या तरी पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं. या लोकांनी टँकर मागवले, प्रत्येक टँकरचं पाणी वेगळं तपासलं, चार तासांच्या शिफ्ट तीन तासांच्या केल्या आणि जे पोचू शकले त्या सगळ्यांना बसवलं. पलीकडं अडकलेल्यांना फोन करून काय खायचं नाही ते सांगत राहिले. तुम्ही सेंटर निवडताना हा प्रश्न नक्की विचारा, की पुरात तुम्ही काय केलंत? कोल्हापुरात तरी हा प्रश्न विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत.

दुसरी गोष्ट डायलायझरची, म्हणजे रक्त गाळणाऱ्या नळीची. फूटभर लांबीची पारदर्शक नळी, आत केसासारख्या बारीक पोकळ तंतूंचा जुडगा, दहा हजारांच्या आसपास. तंतूच्या आतून रक्त जातं आणि बाहेरून उलट्या दिशेनं तो द्रव. खर्चामुळं आपल्याकडं बरीच सेंटरं डायलायझर धुऊन त्याच रुग्णाला परत वापरतात. नीट केलं तर त्यात वावगं काही नाही. पण धुतल्यावर तंतूंची आतली जागा मोजावी लागते. मूळच्या 80 टक्क्यांच्या खाली आली म्हणजे बरेच तंतू गुठळ्यांनी बुजले, नळी फेकून द्यायची. आणि निर्जंतुक करायला जे रसायन भरलेलं असतं ते पूर्ण निघालंय का, हे रुग्णाला जोडायच्या आधी पट्टी बुडवून बघायचं. इथं टेक्निशियन मामांची नळी त्यांच्या डोळ्यासमोर धरून लेबलावरचं नाव मोठ्यानं वाचतो, मामा "माझीच" म्हणतात, मग पट्टी दाखवतो, मगच जोडणी. शेजारच्या खुर्चीवरच्या आजींना दिसत कमी. त्यांच्या कानाशी जाऊन नाव वाचतात. कावीळ बी असलेल्या रुग्णांचं मशीन वेगळ्या खोलीत आहे आणि तिथला माणूस त्या शिफ्टमध्ये इकडं हात लावत नाही. हेही बघून घ्या.

आता सुई. मामांच्या डाव्या मनगटाच्या वर फिस्टुला केलेला आहे. शस्त्रक्रियेनं धमनी आणि शीर जोडतात, मग धमनीच्या जोरानं शीर फुगते, जाड होते, आणि तिच्यात जाड सुया घालता येतात. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी 1966 मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली आणि आजही तिच्याइतकं टिकाऊ दुसरं काही नाही. त्यावर बोट ठेवलं की आत सतत घरघर जाणवते. ती घरघर थांबली की समजायचं गुठळी झाली, धावत डॉक्टरांकडं जायचं.

तिथली सिस्टर राधानगरीकडची आहे. ती हात धुते, मोजे घालते, आधी तीन बोटं ठेवून घरघर बघते, मग स्टेथोस्कोप लावून ऐकते, आणि मागच्या वेळच्या सुईच्या खुणेपासून दोन बोटं वर सरकून नवी जागा घेते. त्याच त्या जागी टोचत राहिलं तर शिरेला फुगा येतो, कातडी पातळ होते, एखाद्या दिवशी फुटू शकते. आधीच्या एका ठिकाणी, तेही कोल्हापूर जिल्ह्यातलंच, मामांना महिनाभर एकाच जागी टोचत होते कारण "तिथं दुखत कमी". मामा आता हात पुढं करून निवांत बसतात. पहिल्या आठवड्यात त्यांनी सिस्टरला विचारलं होतं, "पोरी, किती दिवसाची सवय तुला?" ती म्हणाली, "मामा, तुमच्या हाताची सवय व्हायला आठ दिवस द्या की." तिच्याबद्दल मला नितांत आदर आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीत काचेची सुई घालणारे हात मी बघितलेत. हिचा हात त्या तोडीचा आहे.

एक प्रसंग मुद्दाम सांगते. गावच्या जत्रेला जाऊन आल्यावर मामांचं वजन चार किलोनं वाढलं होतं. पांढरा रस्सा किती वाट्या झाला ते मामीनं सांगितलं नाही, पण किडनी बंद असलेल्या माणसाचं दोन दिवसांत वाढलेलं वजन म्हणजे पाणीच. मामांना वाटलं, आज सगळं ओढून टाका, मोकळं होऊदे. टेक्निशियननं नकार दिला. ताशी, वजनाच्या किलोमागं 13 मिलिलीटरच्या वर पाणी काढलं की हृदयावर ताण येतो, बीपी खाली येतं, पायांत गोळे येतात. साठ किलोच्या माणसाला चार तासांत तीन लिटरच्या जरा वर, बास. त्यानं डॉक्टरांना फोन केला आणि दुसऱ्या दिवशी जादा दोन तासांची पाळी दिली. कागदावर गणित मांडून मामांना दाखवलं. रुग्ण म्हणतो तसं करून मोकळं होणं सोपं असतं. इथं तसं झालं नाही.

आता माझ्या कामाबद्दल, कारण त्या हॉलमध्ये मी बसले की विषय तिथंच येतो. मामांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय, "आमची भाची किडनी तयार करती." गारगोटीहून पहाटेच्या एसटीनं येणारे एक शेतकरी आहेत, पन्नाशीचे. त्यांनी एकदा खुर्चीवरूनच विचारलं, "मॅडम, आमच्या नंबराला येईल का ती?"

त्यांना जे सांगितलं तेच इथं लिहिते. एमएस्सी मी शिवाजी विद्यापीठात केलं, पुढं पुण्यात पीएच.डी. 2006 मध्ये जपानच्या शिन्या यामानाकांनी उंदराच्या साध्या त्वचेच्या पेशींना चार जनुकं देऊन परत भ्रूणासारख्या स्टेम सेल बनवलं. 2007 मध्ये माणसाच्या पेशींवर तेच झालं, आणि 2012 मध्ये त्यांना जॉन गर्डन यांच्यासोबत नोबेल मिळालं. माझी पिढी त्या शोधावर वाढली. मी पोडोसाइट नावाच्या पेशींकडं वळले. किडनीत रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या गुच्छावर या पेशी बाहेरून बसलेल्या असतात, आणि दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसे त्यांचे पाय शेजारणीच्या पायांत गुंतलेले असतात. मधल्या फटींतून पाणी आणि टाकाऊ पदार्थ जातात, प्रथिनं आत राहतात. मधुमेहात हे पाय आखडतात, पेशी सुटून लघवीवाटे निघून जातात. आणि गेलेली पोडोसाइट परत भरून येणं फार अवघड, कारण प्रौढ पोडोसाइट जवळपास विभागतच नाही. मामांच्या लघवीत प्रथिनं दिसू लागली तेव्हा आत हेच चाललेलं होतं.

माणसाच्या प्रत्येक किडनीत सरासरी दहा लाखांच्या आसपास गाळण्या असतात, आणि त्या सगळ्या आईच्या पोटातच, साधारण 36 व्या आठवड्यापर्यंत तयार होऊन जातात. त्या बनवणाऱ्या मूळ पेशींचा साठा तिथंच संपतो. जन्मानंतर नवी गाळणी बनत नाही. गाळणीला जोडलेल्या नलिकेच्या पेशींना इजा झाली तर शेजारच्या वाचलेल्या पेशी विभागून ती जागा भरतात, म्हणून सापाच्या विषानं किंवा जुलाबानं अचानक बंद पडलेली किडनी पुष्कळदा परत चालू होते. पण वर्षानुवर्षं मधुमेहानं गेलेल्या, व्रण होऊन सुकलेल्या गाळण्या परत येत नाहीत.

प्रयोगशाळेत आम्ही तो गर्भातला प्रवास ताटलीत पुन्हा घडवतो. स्टेम सेलना ठरावीक क्रमानं ठरावीक रसायनं द्यायची. ऑस्ट्रेलियातल्या मेलिसा लिटल यांच्या गटानं 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत साधारण 25 दिवसांत काही मिलिमीटरचा गोळा तयार होतो आणि त्यात गाळण्या आणि नलिका ओळखू येतात. पहिल्यांदा मी रंगवलेल्या कापात पोडोसाइट चमकताना बघितल्या तेव्हा रात्री उशिरा घरी फोन करून आईला उठवलं होतं. पण त्या गोळ्याला नीट रक्तपुरवठा नाही, तयार झालेली लघवी बाहेर जायला वाट नाही, आणि त्याची वाढ गर्भातल्या कोवळ्या किडनीइतकीच. त्याचा आज खरा उपयोग आजार समजून घ्यायला होतो. घराण्यातून येणाऱ्या गाठींच्या किडनीच्या आजारातला जनुकदोष घालून ताटलीत गाठी वाढताना बघता येतात, औषधं तपासता येतात, एखादं नवं औषध किडनीला विषारी आहे का ते माणसाला देण्याआधी कळतं. गारगोटीच्या त्या भाऊंना मी म्हटलं, "भाऊ, तुमच्यासाठी आज जे आहे ते प्रत्यारोपण. त्याची नोंदणी झालीय का?" झालेली नव्हती. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि ही या सेंटरची माझ्या मते सगळ्यात मोठी उणीव आहे. त्यावर पुढं लिहिते.

नवी किडनी मिळेल का, हाच प्रश्न धरून माणसाला लुबाडणारेही फिरतात. मागच्या पावसाळ्यात एका आजोबांचा मुलगा गुळगुळीत छापलेलं पत्रक घेऊन आला. बाहेरच्या राज्यातल्या कुठल्याशा दवाखान्याचं. कमरेच्या चरबीतून स्टेम सेल काढून शिरेत सोडणार, "डायलिसिस सुटेल", लाखांतला खर्च. जमीन गहाण टाकायची बोलणी सुरू झाली होती. मी त्याला बाहेर बाकावर घेऊन बसले. शिरेत सोडलेल्या त्या पेशींतल्या बहुतेक फुप्फुसांतच अडकतात. त्यांच्यापासून नवी गाळणी बनत नाही. 2010 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात थायलंडच्या एका रुग्णाचा वृत्तान्त आला होता. ल्यूपसनं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते त्या आजारानं, किडनी बिघडलेल्या त्या बाईला एका खासगी दवाखान्यात तिच्याच स्टेम सेल किडनीत टोचल्या, आणि त्या जागी विचित्र गाठी वाढल्या. आपल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणंही रक्ताच्या ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडून बाकी स्टेम सेल उपचार फक्त मंजूर चाचणीतच करता येतात, आणि चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. पैसे मागितले की तिथंच उठायचं.

सेंटरच्या डॉक्टरांनी त्या दिवसापासून अशी पत्रकं आत ठेवायला बंदी केली. दाराशी पाटी लावलीय: कुठल्याही नव्या उपचाराचा कागद आला तर आधी डॉक्टरांना दाखवा. ज्या जागी बुडत्या माणसाला काहीही विकता येतं, तिथं ही पाटी लावणाऱ्या डॉक्टरांवर माझा विश्वास आहे. त्या मुलानं जमीन गहाण टाकली नाही.

आता उणिवा. आहारतज्ज्ञ महिन्यातून एकदा येतात आणि त्यांचा छापील तक्ता कुठल्या तरी दुसऱ्याच गावासाठी बनवलेला वाटतो. त्यात ओट्स आहेत, ब्रोकोली आहे. गुऱ्हाळ सुरू झाल्यावर घरात येणारा ताजा गूळ आणि काकवी यांत पोटॅशियम भरपूर असतं, हे त्यात नाही. आजाऱ्याला भेटायला जाताना आपण शहाळं नेतो आणि डायलिसिसच्या माणसाला ते घातक ठरू शकतं, हेही नाही. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यायचं, हे मामीला मी सांगितलं. तिथल्या इतर बायकांना मामीनं.

प्रत्यारोपणाची माहिती द्यायला ठरलेला माणूस नाही. नवा रुग्ण आला की पहिल्या महिन्यातच त्याला सांगायला हवं, की घरचं कोणी दाता होऊ शकतं का ते तपासता येतं, आणि मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत मान्यताप्राप्त रुग्णालयामार्फत नाव घालता येतं. डॉक्टर विचारलं तर नीट सांगतात. पण गारगोटीहून आलेल्या माणसाला काय विचारायचं तेच माहीत नसतं. मी हे डॉक्टरांना तोंडावर बोलले, त्यांनी ऐकून घेतलं आणि गारगोटीच्या भाऊंचे कागद त्याच आठवड्यात तयार करून दिले. बाकीच्यांचे अजून व्हायचेत.

जिना अरुंद आहे, लिफ्ट अधूनमधून बंद असते, आणि डायलिसिस झाल्यावर गळून गेलेल्या माणसाला दोन मजले उतरवणं म्हणजे मामीच्या जिवाला घोर. नातेवाइकांना बसायला बाकडी कमी. एसी इतका गार की घरून शाल न्यावीच लागते, रक्त बाहेर फिरताना थंडी जास्तच वाजते.

खर्चाचं म्हणाल तर मामांचं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होतं, सेंटर योजनेत आहे आणि कागदपत्रांसाठी काउंटरवरचा मुलगा स्वतः मदत करतो, रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर काय करायचं तेही सांगतो. वरकड पैसे कुणी मागितले नाहीत. रक्त वाढवायचं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन मिळतं का, ते आधी विचारून घ्या. ते संप्रेरक किडनीतल्याच पेशी बनवतात, मशीन ते देऊ शकत नाही, आणि ते चुकलं की हिमोग्लोबिन घसरून माणूस जिना चढेनासा होतो. इथं ते वेळच्या वेळी देतात आणि दर महिन्याचा रक्ताचा रिपोर्ट फाइलला लावतात.

पाच पैकी चार देईन. आहार आणि प्रत्यारोपणाचं मार्गदर्शन सुधारलं की पाचवा. तुम्ही कुठलंही सेंटर बघायला जाणार असाल तर दुपारी, दोन शिफ्टच्या मधल्या वेळात जा. तेव्हा खुर्च्या पुसणं चाललेलं असतं, टेक्निशियनला बोलायला सवड असते, आणि पाण्याची वही मागितली तर ती काढून दाखवायला त्याला किती वेळ लागतो तेही बघून घ्या.